कॅलेंडरवर नसलेली एक तारीख

रेवदंडा-चौल भागातल्या कुठल्याही घरात जा, भिंतीवर कॅलेंडर लटकलेले असते आणि त्यावर पेनाने केलेल्या खुणा असतात. गॅसची टाकी कधी लावली, दूध कोणत्या दिवशी घेतले नाही, बचत गटाचा हप्ता कधी, भाताचे बी कधी पेरले, सगळे तिथे सापडते. कोळीवाड्यात तर तिथीवाचून पान हलत नाही. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण कधी, होड्या कधी निघणार, हे लहान पोरसुद्धा सांगते. गोठ्यात म्हैस असेल तर ती कधी माजावर आली, कधी भरवली, कधी विणार, हे घरच्या म्हाताऱ्याला तोंडपाठ असते. त्याच घरातल्या बायकांची पाळी कधी आली, ही एक तारीख मात्र सहसा कुठेच लिहिलेली नसते. कॅलेंडरवर नाही आणि बऱ्याच वेळा लक्षातही नाही.

शेतीच्या पानावर हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. त्यांना एवढेच सांगायचे, की आपल्याकडची शेती कोणाच्या हातांनी होते ते पाहा. भाताची लावणी बायका करतात, बेणणी बायका करतात, पांढऱ्या कांद्याच्या माळा बायका विणतात, सुपारी सोलतात त्या बायका आणि मासळी सुकवून बाजारात नेतात त्याही बायकाच. आम्ही बियाण्यावर, खतावर, पंपावर, अनुदानावर बैठका घेतो. ज्या अंगावर हे सगळे काम चालते त्या अंगाबद्दल बैठक होत नाही. मी डॉक्टर नाही. शेतकी पदविका घेऊन विस्ताराचे काम करणारी बाई आहे. पण नोंद ठेवल्याशिवाय सुधारणा होत नाही, हे आमच्या खात्यात पहिल्या दिवशी शिकवतात. ते इथेही लागू आहे, एवढेच माझे म्हणणे.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न

बाई कुठलीही तक्रार घेऊन दवाखान्यात गेली, की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "शेवटची पाळी कधी आली?" आणि उत्तरही ठरलेले असते. "गणपतीच्या आधी." "लावणी उरकली तेव्हा." "नक्की आठवत नाही ओ, झाले दीड-दोन महिने." डॉक्टर अंदाजाने काहीतरी लिहितात आणि पुढचा सगळा हिशोब त्या अंदाजावर चालतो. बाळंतपणाची तारीख शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस धरून काढतात. ती पहिली तारीखच पंधरा दिवसांनी चुकली तर पुढचा हिशोब पंधरा दिवसांनी चुकतो. मग सोनोग्राफीवर भिस्त ठेवावी लागते, आणि ती वेळेवर झाली नाही तर बाळ लवकर आले की उशिरा, हेही धड सांगता येत नाही.

म्हशीच्या बाबतीत आपण असे होऊ देत नाही. म्हैस साधारण दर २१ दिवसांनी माजावर येते. तिचा माज पुष्कळदा मुका असतो, म्हणजे ती ओरडत नाही, खूण नीट दिसत नाही. म्हणून आम्ही शेतकऱ्याला सांगतो, तारीख लिहा, २१ दिवसांनी पुन्हा लक्ष ठेवा. माज चुकला तर आधी गाभण आहे का ते तपासा. गाभण नसेल तर खुराक पाहा, जंताचे औषध द्या, खनिज मिश्रण चालू करा, पशुवैद्यकाला दाखवा. शेतकरी ऐकतो, कारण एक माज चुकला म्हणजे तीन आठवड्यांचे दूध गेले, हे त्याला कळते. बाईला जनावराशी तोलते आहे असा अर्थ कोणी काढू नये. मी शहाणपण कुठे वापरले जाते आणि कुठे नाही, ते सांगते आहे. तेच शहाणपण घरात आले की तोंड दुसरीकडे फिरवले जाते. मिश्रणाची पिशवी गोठ्यात नियमाने येते, आणि लोहाच्या गोळ्यांचे पाकीट फळीवर तसेच पडून राहते.

पाळी मोजायची कशी

आधी मोजणी समजून घेऊ, कारण इथेच घोटाळा होतो. रक्त जायला लागले तो पहिला दिवस धरायचा. तिथून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत जितके दिवस भरतात ते आपले चक्र. पाळी संपल्यापासून मोजायचे नाही. मोठ्या बाईचे चक्र २१ ते ३५ दिवसांत बसले तर ते सर्वसाधारण समजतात. अठ्ठावीसच दिवस भरले पाहिजेत असे काही नाही. एकीचे २५ असते, दुसरीचे ३३. दोघीही ठीक. दर महिन्याला दोन-चार दिवस मागेपुढे झाले तरी काळजी नको. रक्तस्राव दोन ते सात दिवस चालतो. बीज साधारण पुढच्या पाळीच्या दोन आठवडे आधी बाहेर पडते, म्हणून पाळी लांबते तेव्हा बहुधा बीज उशिरा तयार झालेले असते किंवा झालेलेच नसते.

म्हणजे 'उशीर' हा शब्द स्वतःच्या चक्रावरून ठरतो. जिची पाळी नेहमी ३४ दिवसांनी येते ती तिसाव्या दिवशी घाबरते. जिची नेहमी २६ दिवसांनी येते ती चाळिसाव्या दिवशीही "येईल" म्हणून गप्प बसते. दोघींनाही आपला आकडा माहीत नाही. तीन-चार महिन्यांच्या तारखा समोर असल्या की आकडा आपोआप दिसतो.

आपल्या आज्या हे तिथीने ठेवत असत. "एकादशीला आले होते, आता द्वादशी झाली" असा त्यांचा हिशोब. चांद्र महिना साडेएकोणतीस दिवसांचा, त्यामुळे फरक पडला की त्यांच्या लगेच लक्षात येई. कोळणींना तर तिथी आजही पाठ असते. ज्यांना तारीख लिहिणे जमत नाही त्यांनी तिथी लक्षात ठेवावी, तेही चालेल. काहीच न ठेवणे तेवढे नको.

पाळी का लांबते

पाळी चुकली म्हणजे दिवस राहिले, एवढे एकच कारण आपल्याकडे माहीत असते. ते पहिले कारण आहे हे खरेच, आणि आधी तेच तपासावे. लग्न झालेल्या बाईने "आता या वयात कुठले" म्हणून सोडून देऊ नये. त्रेचाळीस-चव्वेचाळीस वर्षांची बाई पाळी उठली असे धरून बसते आणि चौथा महिना उलटल्यावर पोटात हलायला लागते, असे गावोगाव घडते. चाचणी सोपी आहे. 'निश्चय' नावाची लघवीची चाचणी आशाताईंकडे फुकट मिळते. ठरलेली तारीख उलटून आठवडा झाला की सकाळच्या पहिल्या लघवीवर करावी. लवकर केली आणि 'नाही' आली, पण पाळीही आली नाही, तर आठवड्याने पुन्हा करावी.

दिवस राहिलेले नसतील तर पुढची कारणे पाहायची. बाळ अंगावर पीत असेल तर काही महिने पाळी येत नाही, ते नैसर्गिक आहे. पण पाळी आली नाही म्हणजे दिवस राहणारच नाहीत, असे समजू नये. बीज आधी सुटते, पाळी त्यानंतर येते. बाळ सहा महिन्यांच्या आतले आहे, रात्रंदिवस फक्त अंगावरच पिते आणि पाळी सुरू झालेली नाही, या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तरच त्या दुधाचा आधार धरता येतो.

मग साधने येतात. सरकारी दवाखान्यातून दर तीन महिन्यांनी मिळणारे 'अंतरा' इंजेक्शन घेतले की पाळी अनियमित होते, काहींची बंदच होते. 'छाया' गोळीनेही काहींची पाळी लांबते. हे त्या औषधाचे ठाऊक असलेले परिणाम आहेत. रक्त आत साचते, अंगात विष होते, ही भीती खोटी आहे. मात्र छाया घेताना पाळी पंधरा दिवसांहून जास्त लांबली तर गर्भाची चाचणी करून घ्यावी. तांबी बसवली असेल तर उलटे होते, सुरुवातीचे काही महिने रक्त जास्त जाते. इंजेक्शन किंवा तांबी देताना हे नीट समजावले जात नाही, आणि मग बाई घाबरून मधेच सोडते. समजावण्याचे ते काम गावातल्या नर्सताईंनी आणि आशाताईंनी मनावर घ्यावे, अशी माझी विनंती आहे.

यानंतर येते ते कष्ट आणि भूक. शेतकऱ्याला हे पटकन समजेल. पाण्याचा ताण पडला, खत मिळाले नाही, तर नारळ लहान फळे गाळून टाकतो. झाड आधी स्वतःला जगवते, मग फळाला पाहते. शरीराचेही तसेच आहे. खाणे कमी, कष्ट जास्त, वजन उतरलेले, झोप नाही, मनावर ओझे, अशा वेळी मेंदूकडून बीजकोशाला जाणारा संदेश मंद होतो आणि पाळी लांबते. आजारपणानंतर, घरात कोणी गेल्यावर, परीक्षेच्या दिवसांत हे होते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा आपल्या किनाऱ्यावरच्या नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांची कौले उडाली. अशा काळात कित्येक बायकांचे महिने पुढे-मागे झाले असतील तर नवल नाही. पण त्याची नोंद कोणाकडे असणार?

आणि काही वेळा मूळ आजारात असते. थायरॉइडची ग्रंथी मंदावली किंवा जास्त चालली तर पाळी बिघडते. बीजकोशाच्या बिघाडात, ज्याला पीसीओएस म्हणतात, पाळी दोन-दोन महिने येत नाही. काहींचे वजन वाढते, चेहऱ्यावर लव आणि पुटकुळ्या येतात. क्षयरोग गर्भाशयाला झाला तरी पाळी कमी होते किंवा थांबते. यातल्या बहुतेकांवर उपचार आहेत, आणि थायरॉइडसारख्या बिघाडाचा शोध साध्या रक्ततपासणीने लागतो. आमच्या एका बचत गटातली बाई सुपारीच्या विक्रीच्या वहीत मागच्या पानावर तारखा टिपून ठेवायची. अंतर तिशीवरून चाळीस, मग पंचावन्न दिवस झालेले नर्सताईंना त्या पानावर दिसले. तपासणी झाली, थायरॉइड निघाला, रोजची एक गोळी सुरू झाली. वही नसती तर आणखी वर्षभर ती "अंगात ताकद नाही" म्हणत बसली असती.

पोरींवर संशय नको

नुकती पाळी सुरू झालेल्या मुलीचे पहिले दोन-तीन वर्षे मागेपुढे होते. शरीर अजून बसते आहे. दीड महिन्यापर्यंतचे अंतर या वयात चालते. पण आई घाबरते, शेजारीण काहीतरी बोलते, आणि पोरीकडे नको त्या नजरेने पाहिले जाते. कुठे भगताकडे नेतात, कुठे लग्नाची घाई करतात. हे थांबले पाहिजे. मुलीला वही द्या, तारीख लिहायला शिकवा आणि तिला सांगा, काही वेगळे वाटले तर आधी मला सांग. एकदा सुरू झालेली पाळी तीन महिने आलीच नाही, किंवा पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पाळी सुरूच झाली नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी तिने खाल्ली का, हेही विचारावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४.२ टक्के रक्तक्षयाच्या निघाल्या. म्हणजे लावणीला उभ्या असलेल्या दहाजणींत पाच-सहाजणींचे रक्त कमी. ज्यांचे दर महिन्याला जास्त जाते त्यांचे आणखी कमी.

सणासाठी गोळ्या

गौरी-गणपती आले की औषधाच्या दुकानात पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांची मागणी वाढते. चौलच्या दत्ताची जत्रा, घरचे लग्न, सत्यनारायण, प्रत्येक वेळी तेच. सून विचारते सुद्धा नाही, सासूच पाकीट आणून ठेवते. या गोळ्या गुण देतात, बंद केल्यावर साधारण दोन-तीन दिवसांत पाळी येते, आणि डॉक्टरांना विचारून एखाद्या वेळी घेतल्या तर निरोगी बाईला सहसा धोका नाही. पण पायाच्या किंवा फुप्फुसाच्या शिरेत रक्ताची गाठ झालेली असेल, यकृताचा आजार असेल, स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, तर त्या घेऊ नयेत. दिवस राहिल्याची शंका असेल तरीही घेऊ नयेत. दुकानदार हे विचारत नाही. वर्षात चार सणांना चार वेळा गोळ्या खायच्या आणि मग "माझी पाळी का बिघडली" म्हणून विचारायचे, याला काय म्हणावे? गौर ही माहेरवाशीण म्हणून येते. लेक पाळीत आहे म्हणून कुठली आई तिला उंबऱ्यावरून परत पाठवते? हा माझा विचार आहे. ज्याला पटेल त्याने घ्यावा. पण गोळी कोणाच्या पोटात जाते, तिने तरी ठरवावे.

पाळी आणण्याच्या औषधांचेही तसेच. पपई, तीळ, गूळ हे खाण्याचे पदार्थ आहेत, खावेत. पाळी चुकली म्हणून दुकानातून गुपचूप गर्भपाताच्या गोळ्या आणून घेणे मात्र जिवावरचे काम आहे. किती दिवस झाले हे माहीत नाही, गर्भ नळीत आहे की पिशवीत हे माहीत नाही, आणि गोळी घेतली, तर रक्त थांबत नाही. गर्भपात कायद्याने करता येतो, तो मान्यताप्राप्त दवाखान्यात करावा आणि नाव गुप्त राहते. पाळी चुकलेली असताना पोटात एका बाजूला जोराची कळ आली, चक्कर आली, घाम फुटला, तर रात्र असली तरी थांबू नये, अलिबागला जिल्हा रुग्णालयात न्यावे.

गप्प बसण्याची किंमत

गप्प बसून काय होते याची दोन उदाहरणे आपल्याच राज्यात आहेत. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या आणि तो अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यांत ९२ टक्के बायकांना एक तरी स्त्रीरोग होता. आधी कधी तपासणी आणि उपचार झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. म्हणजे शंभरातल्या नव्वदजणी दुखणे घेऊन शेतात राबत होत्या आणि घरात कोणाला पत्ता नव्हता. तोपर्यंत जगातही खेड्यातल्या बाईच्या या दुखण्याकडे फारसे कोणी पाहिले नव्हते.

दुसरे उदाहरण बीड जिल्ह्याचे. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे ८२,३०९ ऊसतोड कामगार बायकांची माहिती आली. त्यांतल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. पाळीच्या दिवसांत काम चुकले की मुकादम खाडा लावतो, पैसे कापतो. अंगावरून जास्त जाते, पोट दुखते, म्हणून दवाखान्यात गेले की "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल" असा सल्ला मिळतो. तरुण वयात पिशवी गेली, बीजकोशही गेला असेल तर हाडे लवकर ठिसूळ होतात. कंबर, गुडघे धरतात आणि काम तर कोणी कमी करत नाही. आपल्याकडे ऊस नाही. पण दसऱ्यानंतर रायगडातली कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, तिथे उचल आणि खाडा आहेच. पिशवी काढण्याचा सल्ला मिळाला तर बाईने विचारावे, दुसरा उपाय आहे का? दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. आणि सहा महिन्यांच्या तारखा, किती दिवस गेले, किती कपडे-पॅड लागले, हे तिच्याजवळ लिहिलेले असले तर कोणालाही तिची समजूत दोन वाक्यांत काढता येणार नाही.

नोंदीचे बळ केवढे असते, याचे अलीकडचे उदाहरण सांगते. २०२१ मध्ये कोविडची लस सुरू झाली तेव्हा लसीने पाळी बिघडते, मूल होत नाही, अशी अफवा आपल्या गावांतही होती. अमेरिकेत ३,९५९ बायकांनी आपल्या तारखा मोबाईलवर आधीपासून टिपलेल्या होत्या. संशोधकांनी त्या तपासल्या आणि जानेवारी २०२२ मध्ये छापून आले, की लसीनंतर पाळी सरासरी एका दिवसाहूनही कमी लांबते. अफवेला उत्तर मिळाले ते त्या बायकांच्या नोंदींमुळे. आपल्याकडे मात्र "मला वाटते" आणि "तिला झाले म्हणे" यापुढे गाडी गेली नाही.

पाळी उठताना

पंचेचाळीस ते पन्नासच्या आसपास पाळी उठते. त्याआधी दोन-चार वर्षे ती लवकर-उशिरा येते, कधी कमी कधी जास्त जाते, अंगातून वाफा निघतात, झोप लागत नाही, चिडचिड होते. बारा महिने सलग आली नाही की उठली असे समजायचे. हे बारा महिने मोजायलाही तारीखच लागते. आणि एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. पाळी उठून वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, थेंबभर का होईना, तर "पुन्हा आली वाटते" म्हणून सोडू नये. बऱ्याचदा कारण साधे निघते, पण गर्भाशयाच्या कॅन्सरची ती पहिली खूण असू शकते. लवकर कळले तर उपचाराने बरा होतो. चाळिशीच्या आत पाळी उठत असेल तरीही दाखवावे.

मग करायचे काय

फार काही नाही. पहिल्या दिवशी कॅलेंडरवर एक ठिपका करायचा. भिंतीवर नको वाटत असेल तर वहीत, बचत गटाच्या पासबुकाच्या मागे, मोबाईलमध्ये, जिथे आपल्याला सोयीचे तिथे. नेहमीपेक्षा जास्त गेले, गाठी पडल्या, सात दिवसांच्या पुढे गेले, मधेच डाग दिसला, तर शेजारी खूण करायची. नेहमीची नियमित पाळी सलग तीन महिने आली नाही, अंतर २१ दिवसांच्या आत येऊ लागले, किंवा दर तासा-दोन तासाला कपडा बदलावा लागला, तर ते पान घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचे.

यात एक धोका आहे, तो लपवू नये. तारीख लिहिली की ती घरातल्या दुसऱ्यांच्या हाती जाईल, तिला बाजूला बसवायला, बोल लावायला, मुकादमाला खाडा धरायला ती वापरली जाईल, अशी भीती बायका मला बोलून दाखवतात. भीती खोटी नाही. म्हणून ही तारीख तिची स्वतःची. ती कोणाला दाखवायची हे तीच ठरवील. नवऱ्याने वही उघडून तपासायची नाही. त्याने फक्त एवढे करावे, की बाई म्हणाली "या वेळी पाळी लांबली, दवाखान्यात जाऊन येऊ", तर लावणी संपू दे, कांदा काढून होऊ दे, असे न म्हणता गाडीला किक मारावी. म्हैस अडली तर तो रात्री बारा वाजता पशुवैद्यकाच्या दारात उभा राहतो. त्याला हे जमणार नाही असे मला वाटत नाही.

र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. मराठीत या गोष्टी छापून यायला लागल्या त्याला शंभर वर्षे होत आली. शंभर वर्षांनी आपण एक ठिपका मागतो आहोत. येत्या महिन्यात ज्या बचत गटाची बैठक असेल, त्यांनी हप्त्याचा हिशोब झाल्यावर दहा मिनिटे काढावीत, आशाताईंना बोलवावे आणि प्रत्येकीने आपली शेवटची तारीख आठवून पाहावी. जिला आठवली नाही तिने पुढची आली की लिहावी.